हजेरीपटावर नसलेल्यांचा सौदा

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि कामगार संघटनांच्या भवितव्याची चर्चा पुन्हा रंगली. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक झाली, कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली, ठरावीक मुदतीच्या नोकरीला मान्यता मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरची पेपर मिल यांच्यासाठी हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. याच जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीतून पाहिले की मात्र त्याही आधीचा एक प्रश्न समोर येतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकापेक्षा जास्त संघटना असतील तिथे हजेरीपटावरचे किमान ५१ टक्के कामगार जिच्या पाठीशी आहेत तिला एकमेव वाटाघाटी संघटनेचा दर्जा मिळतो. टक्का ३० असावा की ५१, यावर वाद घालता येईल. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही त्याने काय करायचे? भाताची रोवणी-कापणी, हिवाळा सरताना तेलंगणात मिरची तोडणी, मग मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असे ज्याचे वर्ष असते, त्याचा मालक दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. अशा मजुराचा सौद्याचा हक्क मालकाच्या हजेरीपटाला बांधून चालणार नाही. तो त्याच्या कामाला आणि त्या कामातून निघणाऱ्या मालाला जोडावा लागेल.

यावर कोणी म्हणेल की संघटनांचा काळच संपला. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर उरले काय? याचे उत्तर चंद्रपुरातच आहे. मे २०२३ मध्ये कोळसा कामगारांच्या संघटनांनी कोल इंडियाशी अकरावा राष्ट्रीय वेतन करार केला आणि किमान १९ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या इथल्या उपकंपनीच्या कायम कामगाराला ती मिळाली. त्याच खाणीत कंत्राटदाराकडे माती उपसणारा मजूर मात्र त्या कराराच्या बाहेर राहिला. याचा अर्थ सामूहिक सौदा आजही फळ देतो, पण त्याचे कुंपण पगारपत्रकाशी संपते आणि कुंपणाबाहेरची माणसे वाढत चालली आहेत.

तेंदूपत्त्याच्या धंद्यात हे कुंपण फार स्पष्ट दिसते. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरातल्या सगळ्यांनी बसून पुडकी बांधायची आणि संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायची. हेच पान पुढे ज्याच्या हातात वळले जाते, त्या विडी कामगाराला १९६६ च्या कायद्याने कामगार मानले. तो घरी बसून विड्या वळत असला तरी मध्यस्थामागे लपलेला कारखानदार कायद्याने शोधून काढला. पान तोडणाऱ्यापर्यंत मात्र तो कायदा आला नाही. एकाच पानावरचे हे दोन हात. त्यातल्या एका हाताला कामगार म्हणून ओळख मिळाली, दुसऱ्याच्या वाट्याला फक्त शेकड्याचा दर आला.

१९६९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. दोन्ही अशाच विखुरलेल्या श्रमाशी संबंधित होते. माथाडी कायद्याने हमालाला न्याय देताना एकच मालक शोधण्याचा अट्टहास सोडला. व्यापारी, हमाल आणि सरकार यांची त्रिपक्षीय मंडळे आली, तिथे टोळ्यांची नोंदणी होऊ लागली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळातून जाऊ लागली. आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या गाळ्यावर काम करणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली हमालांची संघटना होती. दुसरा कायदा वनोपजाच्या व्यापाराचा. त्याने तेंदूपत्त्याची मक्तेदारी सरकारकडे घेतली. खासगी व्यापाऱ्यांच्या लुटीला आळा घालणे हा त्याचा हेतू वाईट नव्हता. पण घटकांचा लिलाव, संकलनाचा दर, नंतर मिळणारी प्रोत्साहनपर रक्कम हे सगळे वरून ठरू लागले. हमालाला मंडळात खुर्ची मिळाली, पान तोडणारा फळीपुढच्या रांगेतच राहिला.

ही रांग पहिल्यांदा मोडली ती वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपत्ता यांना गौण वनोपज ठरवून त्यांची मालकी वननिवासी समाजांना दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ च्या हंगामापासून गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला, आणि पुढे अनेक गावे त्या वाटेने गेली. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली. इथे मजुरी आणि रॉयल्टी अशा दोन्ही रकमांवर घासाघीस होते. ग्रामसभा केवळ श्रम रोखून धरत नाही, ती माल विकते, म्हणून तिचे पारडे जड होते. कोणतीही कामगार संघटना जे करते तेच इथे होते आहे: एकट्याने विकले असते त्यापेक्षा चांगल्या दराने एकत्र विकणे.

या व्यवस्थेवरचे आक्षेप गंभीर आहेत. २०१७ ला पानांचे भाव कडाडले आणि २०१८ ला कोसळले. जीएसटीत पानांवर १८ आणि विडीवर २८ टक्के कर बसला, त्याचाही फटका होता. कंत्राटदारांनी संगनमत करून बोली पाडणे, पैसे थकवणे, गावातल्या चार माणसांनी परस्पर करार करणे हेही घडू शकते. पण असे संगनमत एकेका ग्रामसभेविरुद्ध सोपे असते, शंभर गावांच्या एकत्रित लिलावाविरुद्ध अवघड. म्हणजे दोष सौद्यात नाही, तो छोट्या आकारात आहे. एकत्रित लिलाव हा पहिला उपाय, दुसरा गोदामाचा. वाळलेले पान नीट साठवले तर लगेच विकावे लागत नाही. संपकऱ्याला संपनिधीचा जसा आधार, तसा ग्रामसभेला गोदामाचा आणि हंगामापुरत्या कर्जाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने पानांवरचा कर ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. त्या सवलतीतला वाटा तोडणाऱ्यापर्यंत पोहोचतो की मधेच जिरतो, हे वाटाघाटीला कोण बसले आहे यावर ठरेल.

आणखी एक आक्षेप असा की पान विकणारा हा विक्रेता आहे, मग कामगार हक्कांची भाषा कशाला? ब्रह्मपुरी वनविभागात या प्रश्नाचे उत्तर जिवाच्या किमतीने मिळते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मृत्यूनंतर सरकारी मदत मिळते, पण जंगलात गटाने जाण्याची व्यवस्था, वाघाच्या वावराची आगाऊ सूचना, धोका असलेल्या दिवसाची भरपाई, विमा यांची जबाबदारी कराराच्या कागदावर कोणाच्या नावे लिहिलेली असावी? कारखान्यात या गोष्टी वाटाघाटीने ठरतात. इथे एका बाजूला बसायला कोणी नाही, म्हणून त्या ठरतच नाहीत.

ब्रह्मपुरी अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. वनहक्क कायद्याला मात्र ती अट नाही. बिगरआदिवासी वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्याची अट आहे आणि दावे तिथेच अडतात. पण विदर्भातल्या गावांची निस्तारपत्रके सरकारी दप्तरात आहेत. गावाचा जंगलावरचा वापर त्यांत नोंदलेला आहे. ती शोधून देणे हे तहसीलचे काम मानले, तर सामूहिक दाव्यांना गती येईल. दावे मंजूर होईपर्यंत, आणि जिथे ते होणार नाहीत तिथेही, माथाडीच्या धर्तीवर तेंदू मंडळ नेमता येईल: तोडणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी, खरेदीदार आणि वनविभाग यांचे. लिलावाच्या अटी, संकलनाचा दर आणि सुरक्षेची कलमे त्याच्यासमोर ठरावीत, आणि खरेदीदाराकडून लेव्ही घेऊन विमा उतरवावा. विखुरलेल्या बायाबापड्यांना हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी रोवणीचे दिवस आठवावेत. टोळी करून एकरी दर ठरवणे, तो पटला नाही तर दुसऱ्याच्या बांधीत जाणे हे इथल्या बायकांना कोणी शिकवलेले नाही. कमी आहे ती कायद्याच्या मान्यतेची. ती द्यायची असेल, तर पुढच्या हंगामाच्या लिलावाच्या अटी निघण्याआधी, तोडणाऱ्यांना बोलावून, द्यायला हवी.