व्रात्य कोण?



परवा पाहुण्यांसमोर नातू सोफ्यावर उड्या मारत होता. मी पटकन म्हणाले, "फार व्रात्य आहे हा!" मग त्या शब्दाचाच विचार करत बसले.

मनुस्मृतीत मुंज वेळेत न झालेल्याला 'व्रात्य' म्हटलंय; ब्राह्मणासाठी मुदत १६ वर्षं. अथर्ववेदाच्या १५व्या कांडात मात्र व्रात्याची चक्क स्तुती आहे! काहीजण हा शब्द 'व्रत'शी जोडतात, तर काही 'व्रात' म्हणजे समूहाशी.

मला पहिला अर्थ टोचला. संस्कार राहिले मोठ्यांकडून, शिक्का मात्र मुलावर! पाहुणे बोलत होते तेव्हा मीच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. अणुव्रतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आपण. आधी आपलं वागणं तपासूया. मग खुशाल म्हणा व्रात्य!