सांगितलेले कारण आणि खरे कारण

माणूस विचार करतो. एवढेच नव्हे, तर आपण कसा विचार केला याचाही विचार करतो. विचारावरच्या या दुसऱ्या थराला मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात 'मेटाकॉग्निशन' असे नाव दिले. आता संभाषण करणारी यंत्रेही आपल्या उत्तरामागची कारणे पायरीपायरीने मांडू लागली आहेत. ती कारणे प्रमाण मानावयाची काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही.

माणसाचे आत्मनिरीक्षणदेखील वाटते तितके निर्मळ नसते. रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका दुकानात ग्राहकांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड मांडून त्यांतला उत्तम निवडावयास सांगितले. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरीही अगदी उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला, अगदी डावीकडचा अवघ्या १२ टक्क्यांनी. जागेचा परिणाम झाला काय, असे विचारता जवळजवळ सर्वांनी तो नाकारला. ते खोटे बोलत नव्हते. खरे कारण त्यांनाच ठाऊक नव्हते.

यंत्राची गत निराळी नाही. अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये आपल्याच यंत्राचे अंतरंग तपासले. ३६ आणि ५९ यांची बेरीज करताना त्याचा एक मार्ग ढोबळ अंदाज घेत होता, दुसरा एकक स्थानचा अंक नेमका काढीत होता. उत्तर ९५ हे बरोबरच आले. परंतु रीत विचारताच यंत्राने शाळेतली 'हातचा एक' धरण्याची रीत सांगितली!

बेरजेत याने कोणाचे बिघडत नाही. पोटाच्या प्रश्नात बिघडते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत जोखीम ठरविणाऱ्या संगणकप्रणालीने नागरिकत्व हाही निकष धरला होता. हजारो पालकांवर लबाडीचा ठपका चुकीने बसला, अनेक कुटुंबे कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

म्हणून मागणी यंत्राने कारण सांगावे एवढीच असून भागणार नाही. अर्जातील एकच बाब बदलून तोच अर्ज पुन्हा तपासण्याचा अधिकार बाहेरच्या माणसांना हवा. नागरिकत्व बदलताच निर्णय बदलला, तर सांगितलेले कारण कितीही सुबक असो, ते खरे नव्हे.

हाच न्याय माणसांच्या संघटनांनाही लागू आहे. बंद दाराआड केलेले आत्मपरीक्षण बहुधा स्वतःला निर्दोष ठरवूनच उठते. दार उघडणे, हीच त्याची पहिली अट होय.