तिसऱ्या रात्रीसाठी खाटा द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि मा. राज्य उत्पादन शुल्कमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



10 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरली. तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटींची जादा भर पडेल, असे सांगण्यात आले. त्यातला ठरावीक वाटा दारू सोडू पाहणाऱ्यांच्या उपचाराला कायमचा बांधून द्या, एवढेच मागायचे आहे.

आमच्या जालन्यातल्या मस्तगडाच्या आसपास सळयांच्या कारखान्यांत आणि मोंढ्यात राबणारी माणसे राहतात. वर्षानुवर्षे रोज पिणारा एखादा लेकरांची शपथ घेऊन एकदम दारू सोडतो. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घामाने सदरा भिजतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसतात, समोर नसलेल्या माणसांशी तो भांडतो, एखाद्याला फिट येते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. अंगारा लावतात, दाराला कडी घालतात. शेवटी कोणीतरी क्वार्टर आणून पाजते आणि तो शांत होतो. मग सगळी गल्ली म्हणू लागते, दारू सोडली की माणूस जातो.

डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर माणूस खरोखर दगावू शकतो. आणि उपचार तरी काय? डायझेपामसारखी जुनी, स्वस्त औषधे, थायमिनची इंजेक्शने, काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी नर्स. इतक्या साध्या गोष्टींवाचून कोणाचा जीव जावा, याची चीड येते.

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याचा, म्हणजे बाटली आडवी करण्याचा, बायांचा हक्क मोलाचा आहे, तो राहावाच. पण दुकान बंद झाले तरी त्या घरातला आजारी माणूस आजारीच राहतो. चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी आली, 2021 मध्ये उठली; उपचारांची गरज दोन्ही काळांत होतीच.

जालन्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथे या रुग्णांसाठी खाटा राखून ठेवा, रात्रीही दाखल करून घ्या. आशाताईंना ही लक्षणे ओळखायला शिकवा. आणि ‘पिऊन आलाय’ म्हणून कोणालाही परत पाठवू नये, असा लेखी आदेश काढा. त्याची प्रत अपघात विभागाच्या दारावर, मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लावा.

आपला,
मस्तगड, जालना येथील एक रहिवासी