पराभवानंतरची बांधणी

4 जुलै 2024 रोजी ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा जो पराभव झाला, त्याचा धडा आम्हांला लंडनपेक्षा कॉव्हेंट्रीत अधिक स्पष्ट दिसतो. 2019 मध्ये या शहरातील दोन जागा पक्षाने अवघ्या 208 व 401 मतांनी गमावल्या होत्या. पाच वर्षांनी तेथेच अंतर हजारोंवर गेले, आणि देशभरात 365 खासदारांचा पक्ष 121 वर आला. मधल्या काळात पक्षाने तीन पंतप्रधान दिले. मतदार मात्र दुरावतच गेला.

नोव्हेंबर 2024 मध्ये केमी बेडेनॉक नेत्या झाल्या. पण केवळ नेता बदलून पक्ष उभा राहत नाही. 1945 मध्ये चर्चिल असूनही हाच पक्ष हरला होता. तेव्हा लॉर्ड वूल्टन यांनी शाखाशाखांतून सभासद जमविले, बटलर यांनी 1947 च्या औद्योगिक सनदेत कामगारांचा विचार मांडला, आणि 1951 मध्ये पक्ष सत्तेवर परतला. मोटार कारखान्यांवर वाढलेल्या कॉव्हेंट्रीत 1997 पासून 2024 पर्यंत एकाही सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर खासदार निवडून आला नाही. तेथे कामगार वस्तीत जाऊन रोजगार, घरभाडे व दवाखाना यांविषयी ऐकून घेणे, हीच खरी सुरुवात होय.

हे आपल्यालाही परके नाही. 10 नोव्हेंबर 2024 रोजी मॉरिशस बेटावरील 60 जागांपैकी एकीवरही तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांचा उमेदवार निवडून आला नाही. विरोधक दुबळे झाले की सरकारही सैल पडते. म्हणून पराभूतांनी मतदाराला दोष न देता त्याच्या दारी जावे, असे आम्हांला वाटते.