कागदी टोपी आणि सात पुस्तके

गेल्या सप्टेंबरात मी लेकीकडे होतो, ॲरिझोनातल्या टुसान गावी. एके दुपारी आठ वर्षांची नात रुंद काठाची कागदी टोपी घालून शाळेतून आली. "आबा, हिस्पॅनिक वारसा महिना सुरू झाला!" हा महिना १५ सप्टेंबरपासून असतो, ग्वाटेमाला, होन्डुरास आदी पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन, मेक्सिकोचा दुसऱ्या दिवशी. १९६८ मध्ये नुसता आठवडा होता, १९८८च्या कायद्याने महिना झाला.

टोपी सुरेख होती. पण ही टोपी घालणारे लोक या गावात आले कधी? शेजारच्या मेक्सिकन आजींना विचारले. त्या हसल्या. "आमचे पूर्वज आलेच नाहीत कुठून. ते इथेच होते, देश बदलला."

खरेच आहे. १८५४ च्या गॅड्सडेन करारानुसार अमेरिकेने मेक्सिकोकडून सुमारे तीस हजार चौरस मैल मुलूख एक कोटी डॉलरला घेतला, त्यात टुसान गेले. उभा जन्म बँकेत गहाणखते वाचण्यात गेलेल्या मला लगेच आठवले, खरेदीखतावर कुळांची सही कुणी घेत नाही.

हा इतिहास टुसानच्या सरकारी शाळांत १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमात शिकवत. २०१० मध्ये राज्याने कायदा केला : एखाद्या वंशाविषयी चीड निर्माण करणारे, एकाच वांशिक गटासाठी आखलेले वर्ग नकोत. अनुदान कापण्याच्या धाकाने जानेवारी २०१२ मध्ये शाळा मंडळाने ते बंद केले. सात पुस्तके वर्गांतून उचलून खोक्यांत भरली. त्यांत आपल्याकडच्या शिक्षकांनाही माहीत असलेले पाउलो फ्रेअरी होते! ऑगस्ट २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने या बंदीमागे वांशिक आकस होता असे ठरवून ती घटनाबाह्य म्हटली. पण मधल्या पाच वर्षांत शाळा संपवून गेलेल्या मुलांना त्या निकालाचा काय उपयोग?

टोपीवर मात्र कधीच बंदी आली नाही. सण सर्वांनाच चालतो. जमीन कशी गेली हे पोरांनी विचारले की मोठी माणसे अस्वस्थ होतात. मुलांना राग येईल म्हणून खरे सांगू नये, हे मला पटत नाही.

दुसऱ्याला कशाला बोलावे म्हणा! नात रविवारी मराठी वर्गाला जाते. तिथे लेझीम आहे, पुरणपोळी आहे. आपण गाव सोडून इतक्या लांब का आलो, हे तिला आम्हीही सांगितलेले नाही. तिथल्या संयोजकांजवळ मी हे बोललो. पुढच्या रविवारी मुलांशी बोला, म्हणाले. लेझीमचा सराव झाल्यावर, दहा मिनिटे.