लाल शाईचा शेरा

आमच्या वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा असा निघतो, की वहीतला लाल शाईचा शेरा घरी दाखवण्याऐवजी ते पानच फाडून टाकतो. पुढच्या चाचणीत गुण तेवढेच पडतात. अशा मुलांना आम्ही दरवर्षी समजावतो. गेल्या पावसाळ्यात मात्र आम्ही स्वतःच असे पान फाडले आणि ते आम्हाला कुंभार्ली घाटात कळले.

आमची गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी, सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हापासून डॅशबोर्डावर तीन दिवे कायम लागलेले असत. इंजिनाच्या चित्राचा पिवळा, एबीएसचा पिवळा आणि एअरबॅगचा लाल. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ असे जो तो म्हणे. आम्हालाही ते ऐकायला बरे वाटे, कारण त्यात खर्च नव्हता.

अम्मींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चिपळूणहून मिरजेला जायचे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी चौथा दिवा लुकलुकू लागला. हा ब्रेकचा, लाल. सरळ रस्त्यावर बंद, वळणावर चालू. वाटेतल्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने बॉनेट उघडून ब्रेक ऑइल भरले. दुसरे दिवे दाखवले तर बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून पुन्हा लावली. ब्रेकचा दिवा गेला, इंजिनाचाही गेला. दोनशे रुपये देऊन आम्ही खुशीत घरी आलो.

ऑपरेशन नीट पार पडले. परतताना पाटण, कोयनानगर मागे टाकून घाट उतरू लागलो. पाऊस होता. मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी बांधलेल्या अम्मी आणि त्यांचा हात धरून आमची मुलगी. तिसऱ्या-चौथ्या वळणावर लाल दिवा पुन्हा लुकलुकला. पुढे तो विझलाच नाही. ब्रेक दाबला तर पॅडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. अम्मींनी विचारले, “काय झालं?” आम्ही “काही नाही” म्हणालो, पण आवाज त्यांनी ओळखला असावा. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर आणत, हँडब्रेक हळूहळू ओढत रस्ता रुंद होता तिथे गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाकाखाली दगड लावले. एका जीपवाल्या भल्या माणसाने अम्मींना आणि मुलीला खाली पोफळीपर्यंत सोडले. आम्ही वस्ताद येईपर्यंत दोन तास पावसात उभे होतो.

गाडी ओढून नेली. चाके उघडली तेव्हा मागच्या डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळत होता, आतले सगळे ओले. पुढचे ब्रेक पॅडही लोखंडाला टेकत आले होते. वस्ताद म्हणाले, “सर, ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते कमी झालं म्हणजे एक तर पॅड झिजले, नाही तर कुठे तरी गळतंय. वळणावर ऑइल डबीत एका बाजूला सरकतं म्हणून दिवा लुकलुकतो. तो आधीच सांगत होता. तुम्ही वरून ऑइल ओतून त्याला गप्प केलंत.”

सगळे मिळून बावीसशे रुपये झाले. त्यानंतर उरलेल्या तीन दिव्यांचा आम्ही पाठ घेतला. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे देतो.

आधी इंजिनाचा दिवा. बॅटरी काढून विझवलेला हा दिवा मिरजेला पोहोचण्याआधीच परत लागला होता. संगणकाची आठवण पुसली गेली, दोष तसाच राहिला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र मुलीने मागवले आणि मोबाइलवर कोड वाचला: पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. कोड फक्त जागा सांगतो, कोणता भाग गेला ते सांगत नाही. वस्तादांनी पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावली. कोड बदलून पी०३०२ झाला. दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. असे न करता अंदाजाने भाग बदलत गेलो असतो तर किती पैसे गेले असते कोण जाणे. दुरुस्ती खरी असेल तर बऱ्याच गाड्यांत हा दिवा काही फेऱ्यांनंतर आपोआप विझतो. आणि चालताना तो उघडझाप करू लागला तर वेग लगेच कमी करावा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

एबीएसचा दिवा. आमचे छोटे यंत्र फक्त इंजिनाचे वाचत होते. यासाठी मोठा स्कॅनर लागला. पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरची वायर वळून वळून आतून तुटली होती. कोकणात चिखल, गंज आणि उंदीर हेही या वायरींचे वैरी. हा पिवळा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यास चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊच नये.

एअरबॅगचा दिवा. आमचा हॉर्न स्टिअरिंगवर वाजत नव्हता. आधीच्या मालकाने डॅशबोर्डाखाली वेगळे बटण बसवले होते. आम्हाला ती सोय वाटली होती. वस्तादांनी तेच धरले. हॉर्न आणि एअरबॅग या दोन्हींची वायर स्टिअरिंगमधल्या एका गुंडाळलेल्या पट्टीतून जाते आणि ती पट्टी तुटली होती. म्हणजे इतकी वर्षे एअरबॅग केवळ नावाला होती. या पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना घरी कोणी हात लावू नये. फुगा तोंडावर उघडू शकतो.

रंगांचा हिशेब सोपा आहे. पिवळा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे थांबा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्क्षणी बंद. घर जवळ असले तरीही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑन करावी. हे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर कोणी बल्ब काढला असेल किंवा आतून चिकटपट्टी लावली असेल.

अम्मींची पट्टी निघाली, नजर साफ झाली. आता त्या पुढच्या सीटवर बसतात. आम्ही चावी फिरवली की आधी त्यांचे लक्ष डॅशबोर्डाकडे जाते. “चारही लागले,” त्या म्हणतात. इंजिन सुरू होते. त्या थोड्या थांबतात, पुन्हा बघतात. “चारही गेले. चल आता.”