मैत्री राखावी, पण शब्द जपून द्यावा



शेजाऱ्याच्या भांडणात काठी घेऊन धावण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, हे व्यवहारज्ञान आपल्याला आहे. देशालाही ते असावे, असे आम्हांला वाटते.

व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेला ब्रिटनचे सैन्य हवे होते. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी ते पाठवले नाही. मैत्री काही तुटली नाही! इराकच्या वेळी मात्र टोनी ब्लेअर यांनी साथीचा शब्द जुलै २००२ मध्येच पत्राने देऊन टाकला. पार्लमेंटचे मत घेतले ते मार्च २००३ मध्ये, ४१२ विरुद्ध १४९. पुढे १७९ ब्रिटिश सैनिक गेले, इराकी माणसे तर कितीतरी अधिक. ज्यांच्यासाठी गेलो ती शस्त्रे सापडलीच नाहीत. शांततेचे मार्ग संपण्याआधीच आपण युद्धात उतरलो, असे २०१६ च्या चिलकॉट अहवालाने सांगितले.

सैन्य पाठवण्यापूर्वी पार्लमेंटची संमती घेणे कायद्याने आजही सक्तीचे नाही. ते व्हावे, असे आमचे मत. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मतदानाचा हक्क आहे. तेव्हा उमेदवार दारी आला, की रस्त्यांबरोबर हेही विचारा. चहा देऊन विचारा, पण विचारा!